दुसऱ्या मजल्यावरची द्वारसभा

माझ्या सासऱ्यांनी माझ्या सासूबाईंना मेमो दिला, त्या दिवशी आमच्या घरात संप सुरू झाला. मेमो म्हणजे कंपनीत देतात तोच. कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे, निळ्या शाईत, 'आपण विनापरवानगी वारंवार गैरहजर राहात असल्याचे निदर्शनास आले आहे' वगैरे. खाली सही, सहीखाली दोन रेघा. लग्नाच्या बायकोला कुणी असा कागद देतं का, असं मला विचारू नका. मी या घरात सून म्हणून आले, तेव्हा मलाही कुणी आधी कल्पना दिली नव्हती.

सासऱ्यांचं नाव अर्जुनराव. घरात सगळे त्यांना आप्पा म्हणतात. माण तालुक्यातून ते तरुणपणी पिंपरीला आले, एका कंपनीत हेल्पर म्हणून लागले आणि त्याच कंपनीतून सुपरवायझर होऊन रिटायर झाले. म्हणजे कंपनीनं त्यांना रिटायर केलं, त्यांनी स्वतःला अजून केलेलं नाही. सासूबाई सुभद्राबाई, मी त्यांना आई म्हणते. माझा नवरा कुलदीप तळेगावला कामाला असतो आणि घरात आवाज चढला की त्याला हमखास गाडीत हवा भरायचं आठवतं. मी पूनम. चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेते, त्यामुळे घरी आल्यावर डोळे एकदम मिटता येत नाहीत.

आम्ही राहतो रहाटणीत, तीन मजली बिल्डिंगमध्ये, दुसऱ्या मजल्यावर. बिल्डिंगला लिफ्टची जागा आहे, लिफ्ट नाही. त्या जागेत सायकली आणि गणपतीच्या मांडवाचे बांबू असतात. हे सांगते, कारण पुढची सगळी रामायणं त्या जिन्यावर झाली.

आईंचा उजवा गुडघा पार झिजला होता, तो बदलला. ऑपरेशन छान झालं. खुर्चीत बसवून चौघांनी त्यांना वर आणलं. येताना डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, की आमचं काम झालं, आता तुमचं. रोज व्यायाम करायचा, गुडघा काटकोनात वाकला पाहिजे. पुढच्या तपासणीपर्यंत नाही वाकला, तर पुन्हा भूल देऊन आम्हाला तो जोर लावून वाकवावा लागेल. हे ऐकताना आईंचा चेहरा पांढराफटक पडला. ऑपरेशन थिएटरची त्यांना एवढी धास्ती, की टीव्हीवर डॉक्टरची मालिका लागली तरी त्या चॅनल बदलायच्या.

तरी त्यांचं खरं दुखणं वेगळंच होतं. आमच्या बिल्डिंगच्या गेटशेजारी सिमेंटचा कट्टा आहे. संध्याकाळी बायका तिथे भाजी निवडत बसतात आणि भाजीबरोबर सगळी रहाटणी निवडून काढतात. आई या कट्ट्याच्या अध्यक्ष. कुणी निवडून दिलं नव्हतं, पण त्यांच्याशिवाय विषय सुरू होत नसे. ऑपरेशननंतर त्या गॅलरीतून खाली बघत बसायच्या. वरून बायकांची डोकी दिसत, माना हलताना दिसत, पण कुणाबद्दल चाललंय ते ऐकू येत नसे. हा छळ मोठा होता. एकदा मी कपडे वाळत घालत होते, तेव्हा त्या मागून म्हणाल्या, "पूनम, मी आता ह्या दाराच्या भाईर पडंन का गं परत?" मी पडाल की, पडाल की म्हटलं आणि वाळत घातलेला टॉवेल पुन्हा झटकायला घेतला. जिना उतरायचा तर गुडघा वाकायला हवा, आणि गुडघा तर लोखंडी पाइपासारखा सरळ.

सांगवीहून मिनल नावाची फिजिओथेरपिस्ट स्कूटीवर यायची. गोड मुलगी, पण पाय वाकवताना दया दाखवायची नाही. तिचं म्हणणं एवढंच होतं, की मी येते तेव्हा केलेल्या व्यायामाला अर्थ नाही, मी नसते तेव्हा रोज झाला पाहिजे. याची सवय लावा.

सवय हा शब्द आप्पांच्या कानावर पडला आणि ते खुर्चीत ताठ झाले. रिटायर झाल्यापासून माणसाच्या हाताला काम नव्हतं. चपला कंपनीप्रमाणे आणि साइजप्रमाणे लावून झाल्या होत्या, माझ्या मसाल्याच्या डब्यांना नंबर टाकून झाले होते. आता त्यांना एक कामगार मिळाला.

दुसऱ्या दिवशी पहाटे घरात भोंगा वाजला. खरा कंपनीचा भोंगा. आप्पांनी शेवटच्या दिवशी मोबाइलवर रेकॉर्ड करून आणला होता आणि आजवर तो उगीच ऐकत बसायचे. कुलदीप पलंगावरून खाली पडायचा राहिला. मी बाहेर येऊन बघते, तर आप्पा पूर्ण कपडे करून उभे, आई पलंगावर पाय सोडून बसलेल्या, केस विस्कटलेले, आणि आप्पा त्यांना हात पुढे करून सुरक्षेची शपथ घ्यायला लावत होते. मी माझ्या कामाच्या ठिकाणी सुरक्षेचे नियम पाळीन, इथवर आई आल्या होत्या. पुढे त्यांनी विचारलं की कामाचं ठिकाण म्हणजे हा पलंग का.

मग पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंत फरशीवर पिवळ्या चिकटपट्ट्या आल्या. चालायचं ते पट्ट्यांच्या आतून. मी आठ तास पिवळ्या पट्ट्यांतून चालून घरी येते आणि घरी पुन्हा पिवळ्या पट्ट्या. फ्रिजवर आईंचा फोटो लागला, त्याखाली 'आठवड्याचा उत्कृष्ट कामगार'. स्पर्धेत दुसरं कुणी नव्हतं, तरी आईंना पहिले दोन दिवस बरं वाटलं असावं, कारण त्यांनी फोटो बदलून साडीतला लावायला सांगितला. चहाआधी आप्पा प्रेरणादायी भाषणांचे व्हिडिओ लावायचे. एक टाय लावलेला माणूस हिंदीत ओरडून सांगायचा की तुमच्या आत सिंह झोपला आहे. आई म्हणायच्या, झोपू द्या की बिचाऱ्याला.

आठवडाभर हे चाललं आणि मग ढेपाळलं. मला यात नवल वाटलं नाही. माझी योगाची चटई कपाटावर गुंडाळून पडली आहे, तीही एका अशाच टायवाल्याचं ऐकून आणलेली. आईंना आधी डोकेदुखी झाली. मग एकादशी आली. मग साताऱ्याहून पाहुणे येणार होते, ते आले नाहीत, पण येणार होते म्हणून व्यायाम राहिला. आप्पा चिडत गेले. ते जितके चिडायचे, तितका गुडघा आखडायचा. शेवटी त्यांनी तो मेमो दिला.

आईंनी चष्मा लावला, कागद हातात धरला आणि मला मोठ्यानं वाचायला लावला. मी वाचला. कुलदीप हवा भरायला गेला. आईंनी कागदाची घडी घातली. त्यांनी एका वाटीत मेथीचा लाडू घातला, त्यावर झाकण ठेवलं आणि मला सांगितलं, की हे खाली शालनबाईंना नेऊन दे आणि म्हणावं, मला मेमो मिळालाय.

शालनबाई तळमजल्यावर राहतात. बिल्डिंगची जमीन त्यांचीच, पिढ्यान्‌पिढ्यांची. त्यांच्या सासऱ्यांच्या वेळी इथे ऊस होता. त्यांचे कै. यजमान एका कंपनीत युनियनचे पुढारी होते आणि आयुष्यभर गेटवर भाषणं करत राहिले. त्या भाषणांना रोज चहा पुरवताना शालनबाईंना सगळी युनियनबाजी तोंडपाठ झाली होती, फक्त वापरायची संधी मिळाली नव्हती. मी निरोप सांगितला, तेव्हा त्यांनी लाडू खाली ठेवला, पदर खोचला आणि माझ्याआधी वर पोचल्या.

आईंच्या शेजारी बसून त्यांनी मेमो उलटसुलट बघितला. मग आप्पांकडे वळल्या. "अर्जुनराव, बायकूला मेमो देताय व्हय? आता बगा. आजपासनं टूल डाऊन."

टूल डाऊन म्हणजे हत्यारं खाली. आईंच्या हातात हत्यार कुठलं होतं, तर घराची माहिती. ऑपरेशननंतर त्या ओट्याशी उभ्या राहात नव्हत्या, पण पलंगावरून सगळं घर चालवत होत्या. ते बंद झालं. विचारलं तेवढ्याचंच उत्तर, जादा एक शब्द नाही. माझी फर्स्ट शिफ्ट, मी लवकर निघून जायचे, मग दिवसभर आप्पा आणि ती मुकी माहिती. मी त्याचा एक नमुना सुट्टीच्या दिवशी ऐकला. आप्पांनी विचारलं, साखर कुठंय. आई म्हणाल्या, डब्यात. कुठल्या डब्यात? साखरेच्या. तो डबा कुठंय? जाग्यावर. आप्पांनी त्या दिवशी मिठाचा चहा केला आणि हट्टानं प्यायले.

हसू येत होतं, पण काळजीही वाटत होती. टूल डाऊनमध्ये व्यायामही खाली ठेवला गेला होता. मिनलनं येऊन पाय बघितला आणि मला जिन्यात गाठून सांगितलं, की हे दिवस फार महत्त्वाचे आहेत, आता आखडलं तर नंतर रडून उपयोग नाही. डॉक्टरांची तारीख जवळ येत होती. मी त्या संध्याकाळी दोघांनाही बोलले. आप्पांना म्हटलं, हे घर आहे, प्लांट नाही. आईंना म्हटलं, पाय तुमचा आहे, संप कुणाविरुद्ध करताय. दोघांनीही ऐकून घेतलं आणि दोघांनीही मला सांगितलं की तू यात पडू नकोस.

दुसऱ्या दिवशी शालनबाई कट्ट्यावरच्या चार बायकांना घेऊन वर आल्या. आमच्या हॉलमध्ये सभा घ्यायची होती. आप्पा दारात आडवे उभे राहिले. त्यांचं म्हणणं होतं, की कामगारांना सभा घ्यायचा हक्क आहे, तो मी कधी नाकारलेला नाही, पण आवाराच्या आत सभा चालणार नाही. द्वारसभा ही द्वारातच व्हायची. बाहेर.

मला वाटलं, शालनबाई आता त्यांना फाडून खातील. पण त्यांनी मान डोलावली. "बराबर हाय. आमचं मालक बी कदी गेटाच्या आत बोललं न्हाईत. सुभद्राबाई, तुमीच या भाईर."

आईंनी आप्पांकडे असं बघितलं, की त्यांच्या जागी मी असते तर मुकाट बाजूला झाले असते. मग काठी घेतली. पलंगापासून दारापर्यंत त्या पिवळ्या पट्ट्यांच्या मुद्दाम बाहेरून चालत आल्या आणि उंबऱ्याबाहेर मी ठेवलेल्या खुर्चीत बसल्या. बायका जिन्यावर बसल्या. पहिली द्वारसभा झाली. शालनबाई मॅनेजमेंटवर बोलल्या, मग कट्ट्यावरच्या साचलेल्या बातम्या झाल्या, आणि आईंच्या चेहऱ्यावर ऑपरेशननंतर पहिल्यांदा रंग आला. रोज संध्याकाळी सभा, असं ठरलं.

पण आप्पा गप्प बसणाऱ्यातले नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांनी हरकत घेतली, की उंबऱ्याबाहेरचा पॅसेज आमच्या मेंटेनन्समध्ये येतो, म्हणजे तो आवारातच धरला पाहिजे. सभा खाली घ्या. आई संतापानं लाल झाल्या आणि त्याच तिरमिरीत कठडा धरून दोन पायऱ्या उतरल्या. दुखरा पाय आधी, चांगला पाय मागून, मिनलनं शिकवलं होतं तसं. तिथेच पायरीवर बसल्या. खुर्ची उंच होती, पायरी बुटकी, त्यामुळे बसताना गुडघा वाकलाच. आई कळवळल्या, पण आप्पा वरून बघत होते म्हणून आवाज काढला नाही.

मग हे रोजचंच झालं. आप्पा रोज नवा नियम काढायचे आणि गेट रोज खाली सरकायचं. एकदा म्हणाले, इथे आवाज घरात येतो. एकदा म्हणाले, जिन्याचं वळण हा जाण्यायेण्याचा मार्ग आहे, अडवता येणार नाही. आई त्या गेटाच्या मागे मागे, दातओठ खात, एक एक पायरी खाली. सभा संपली की पुन्हा वर चढायचं, चढताना चांगला पाय आधी. सभेच्या वेळेला मिनलनं आपली वेळ जुळवून घेतली. ती आईंच्या शेजारच्या पायरीवर बसायची आणि घोषणांच्या तालावर पाय मागेपुढे करायला लावायची. 'झुकणार नाही, झुकणार नाही' अशी घोषणा चालायची आणि गुडघा त्या तालावर झुकत असायचा. डोकेदुखी, एकादशी, पाहुणे हे सगळं कुठे गेलं कुणास ठाऊक. एकदा आईंना खरोखरच ताप होता, तर मी म्हटलं आज राहू द्या. त्या म्हणाल्या, मी नाही गेले तर त्यांना वाटेल संप फुटला.

माझ्या मनात शंका आली. एका दुपारी मी लवकर घरी आले, तर आप्पा जिन्यात उकिडवे बसून पान्यानं कठड्याचे नट आवळत होते. पहिल्या मजल्याचा कठडा हलत होता, तो त्यांनी पक्का केला होता. पायऱ्या पुसून कोरड्या केल्या होत्या. मी सरळ विचारलं, की आप्पा, तुम्ही हे आईंना खाली उतरवायला मुद्दाम करताय ना.

ते वर न बघता म्हणाले, "आज जिन्यात सभा घेऊ दिली, तर उद्या ह्या बायका माझ्या स्वयंपाकघरात घेतील. नियम म्हणजे नियम."

मग नट का आवळताय, मी विचारलं.

"आवाराची देखभाल मॅनेजमेंटकडं असते," ते म्हणाले आणि पुढच्या नटाकडे सरकले.

मी क्वालिटीतली बाई, पण या माणसात दोष कुठे संपतो आणि गुण कुठे सुरू होतो, ते मला आजवर सापडलेलं नाही. आईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, एवढी अक्कल असती तर मेमो कशाला दिला असता. पण त्या संध्याकाळी उतरताना त्यांनी कठड्यावरून हात फिरवला, हलवून बघितला आणि पुढची पायरी उतरल्या.

डॉक्टरांच्या तारखेच्या आदल्या संध्याकाळी गेट खरंच गेटापाशी पोचलं. शेवटची पायरी उतरून आई थांबल्या. घामानं ब्लाउज भिजला होता. लिफ्टच्या जागेतल्या सायकली, बांबू, कचऱ्याचा डबा, सगळं त्यांनी असं बघितलं, जसं काही परदेशातून आल्या आहेत. मग चालत जाऊन कट्ट्यावर, आपल्या ठरलेल्या कोपऱ्यात बसल्या. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मिनल वाकून त्यांच्या पायाकडे बघायला लागली आणि मग तिनं मला कोपरानं ढोसलं. पाऊल जमिनीवर सपाट टेकलं होतं, मांडी कट्ट्यावर आडवी. काटकोन. आईंच्या लक्षातही आलं नव्हतं. मी तिला खूण केली, की आत्ता सांगू नकोस. मला भीती वाटली, की लक्षात आलं तर पाय पुन्हा सरळ होईल.

शालनबाईंनी वर हाक मारली, की अर्जुनराव, खाली या, बोलणी करायची. आप्पा उतरले, शर्ट खोचलेला. गेटाच्या आत उभे राहिले, बाहेर आले नाहीत. शालनबाईंनी सुरुवातीला सोप्या मागण्या घातल्या. भोंगा बंद, शपथ बंद, टायवाला बंद. आप्पांनी थोडी घासाघीस करून तिन्ही मान्य केल्या. मग शालनबाई म्हणाल्या, आता कामगाराचं म्हणणं ऐका.

आई थोडा वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग बोलल्या.

"तुमी फर्स्टला असला की मी पहाटं चारला उठायची, डब्याला. सेकंडला असला की मध्यरातीपातुर तुमच्यासाठी जेवायची थांबायची. नाइटला असला की दिवसभर पोरांच्या तोंडावर हात ठेवायची, बाप झोपलाय म्हणून. तुमची पाळी आठवड्यानं बदलायची, माझी तिन्ही चालूच. तुमाला कंपनीनं हार घातला, शाल दिली, भाषणं केली. मी पुढच्या खुर्चीत बसून टाळ्या वाजवल्या आन् घरी येऊन सैपाकाला लागले. आता गुडघ्यानं कुठं जरा बसवलं, तर तुमी उशाला परत त्योच भोंगा लावला. त्यो वाजला की मला अजून डबा आठवतो." त्या थांबल्या. "माझी एकच मागणी हाय. मला रिटायर करा. रीतसर."

माझा डबाही ऑपरेशनपर्यंत त्याच करत होत्या, त्यामुळे मी तर गेटाची कडी बघत राहिले. विचार करून कळवतो, असं आप्पांनी सुपरवायझरच्या आवाजात म्हणायचा प्रयत्न केला, पण आवाज मध्येच फाटला. ते वर निघून गेले. आई त्यांच्यामागून स्वतःच्या पायानं चढल्या.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी गुडघा धरला, वाकवला, आणखी वाकवला. काटकोनाच्याही पुढे गेला. भूल नको, काही नको. कुठला व्यायाम केलात, त्यांनी कौतुकानं विचारलं. आई म्हणाल्या, गेट मिटिंग. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मी छताकडे.

आप्पा दवाखान्यातून परस्पर कुठेतरी गेले. संध्याकाळी आई कट्ट्यावर बसल्या होत्या, तेव्हा ते रिक्षातून उतरले. हातात झेंडूचा जाडजूड हार, एक नारळ, पेढ्यांचा बॉक्स. काखेत एक पिशवी होती, तिच्यातून त्यांनी शाल काढली. ती मी ओळखली. त्यांच्याच निरोप समारंभाची, कपाटात प्लास्टिकमध्ये जपलेली. नवी आणता आली असती, ते मला हळूच म्हणाले, पण ही सर्व्हिसची आहे.

मग ते गेटाबाहेर आले, आईंच्या समोर उभे राहिले आणि घसा साफ केला. हातात कागद नव्हता.

"आज आपण सौ. सुभद्राबाई यांच्या सेवानिवृत्तीनिमित्त जमलो आहोत. यांनी तिन्ही पाळ्यांत काम केलं. साप्ताहिक सुट्टी नाही, ओव्हरटाइम नाही. मी आजारी पडलो की मला रजा मिळायची आणि यांची ड्यूटी डबल व्हायची. इतक्या वर्षांच्या सर्व्हिसमध्ये एकही खाडा नाही." त्यांनी हार एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "माझ्या हाताखाली शेकडो माणसं गेली. एकही खाडा नसलेला माणूस मी बघितला नाही. आणि ह्या बाईला मी सवय लावायला निघालो होतो. मेमो मागं घेतो."

त्यांनी हार घातला, शाल पांघरली. आईंनी शाल डोळ्यांना लावली, मग नाकाला लावली, कारण डांबरगोळ्यांचा वास येत होता. शालनबाईंनी गणपतीतला उरलेला गुलाल आणला होता, तो आप्पांच्या टकलावर पडला. कुलदीप तेव्हाच कामावरून आला आणि रंगलेल्या बापाकडे बघून परत हवा भरायला जावं की काय, या विचारात उभा राहिला. मी त्याच्या तोंडात पेढा कोंबला. मला खूप रडू येत होतं आणि मी ते गुलालावर ढकललं.

आईंनी निरोपाला उत्तर म्हणून एकच प्रश्न विचारला, उद्यापासून सकाळचा चहा कुणाचा. आप्पा म्हणाले, माझा.

दुसऱ्या दिवशी भोंगा वाजला नाही. मी गजरावर उठले. घरात सामसूम. स्वयंपाकघरात अंधार, गॅस थंड. मला वाटलं, झालं, करारही संपला आणि व्यायामही. हॉलमध्ये येऊन दिवा लावला, तर आई पलंगावर पाय सोडून बसलेल्या, खांद्यावर ती शाल, आणि उजवा पाय संथपणे मागेपुढे, मागेपुढे. कपाळावर घाम आलेला. बराच वेळ चालू असावं. मी विचारलं, आई, भोंगा बंद आहे, मग उठवलं कुणी? त्या म्हणाल्या, मला कुणी कधी उठवलंय?

मग त्यांनी हनुवटीनं पलीकडच्या खोलीकडे खूण केली. भोंग्याविना आप्पा तोंडावर चादर ओढून घोरत होते.

आई उठल्या. काठी घेतली नाही. पिवळ्या पट्ट्यांच्या आतून, सावकाश, आप्पांच्या उशाशी गेल्या. ओंजळीचा कर्णा करून तोंडाशी धरला आणि त्यांच्या कानात असा काही भोंगा वाजवला, की वरच्या मजल्यावरचं मूल रडायला लागलं. आप्पा ताडकन उठून बसले आणि पायानं सेफ्टी शूज शोधू लागले.

"पहिल्याच दिवशी लेट मार्क," आई म्हणाल्या.

आप्पा डोळे चोळत स्वयंपाकघरात गेले. भांडं आपटल्याचा आवाज आला, दुधाचं पाकीट फाडल्याचा आवाज आला. मग थोडा वेळ काहीच नाही. मग त्यांनी बिचकत विचारलं, साखर कुठंय.

आई पलंगावर परत येऊन बसल्या होत्या. पाय पुन्हा सुरू झाला होता.

"ओट्याखाली, डावीकडं," त्या म्हणाल्या. "निळ्या झाकणाचा डबा. आन् तुमच्या चहात घालू नका, शुगर वाढलीय तुमची."